‘बहुतेक’ कुठे गेलं? निकाल लागून गेलेल्या खुनाची कादंबरी पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

नाशिकला मेहेर सिग्नलजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं टायपिंगचं काम केलं. रुजू होऊन वर्षही झालं नसेल तेव्हाची गोष्ट. साक्षीच्या नकला वाचून सरांसाठी टिपण काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. एका साक्षीदाराने म्हटलं होतं, ‘गेटपाशी जो उभा होता तो बहुतेक आरोपीच होता.’ मी टिपणात लिहिलं, ‘साक्षीदाराने आरोपीला गेटपाशी पाहिले.’ सरांनी टिपण वाचलं, मूळ नक्कल शेजारी ठेवली, त्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “ताई, ‘बहुतेक’ कुठे गेलं?”

मी मुद्दाम काही केलं नव्हतं. वाक्य आटोपशीर करताना तो शब्द गळून गेला, एवढंच. पण त्या एका शब्दावर माणूस आत जातो की बाहेर राहतो हे ठरू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हे सगळं आठवायचं कारण शेजारची मुलगी. बीवायके कॉलेजला जाते, वाचायची आवड आहे. मला म्हणाली, “मावशी, डिटेक्टिव्ह कादंबरी घेते, निम्मी वाचते आणि सोडून देते. खुनी कोण ते मला कधी ओळखताच येत नाही.” मी तिला म्हटलं, खुनी ओळखायचाच नाही असं ठरवून एक कादंबरी वाचून बघ. जिच्यात कोर्टाने खुनी आधीच ठरवलाय, शिक्षाही झालीय, आणि आता कोणीतरी विचारतंय की ते बरोबर होतं का. मग गंगापूर रोडला आमच्या सोसायटीत आम्ही चौघी-पाच जणी शनिवारी संध्याकाळी जमून ती कादंबरी वाचायला लागलो. त्या वाचनातून जे हाताशी लागलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहिते आहे. शेवट कुठेही फोडलेला नाही.

कोणतं पुस्तक घ्यायचं

अगाथा ख्रिस्तीची ‘फाइव्ह लिटल पिग्ज’. १९४२ साली ती आधी अमेरिकेत वेगळ्या नावाने निघाली आणि १९४३ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये या नावाने. सावानाचे, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचे, सभासद असाल तर आधी तिथे विचारा. १८४० साली सुरू झालेलं वाचनालय आहे, रहस्यकथांचे वाचक तिथे पिढ्यान्‌पिढ्या येत आलेत. इंग्रजी जड जात असेल तर अनुवाद घ्या, पण इंग्रजी थोडंफार येत असेल तर मूळच वाचा. भाषा सोपी आहे, वाक्यं लहान आहेत, आणि या पुस्तकात कोण नेमकं काय बोललं यालाच किंमत आहे.

गोष्टीची सुरुवात अशी. कार्ला लेमार्शां नावाची एकवीस वर्षांची मुलगी ख्रिस्तीच्या नेहमीच्या गुप्तहेराकडे, एर्क्यूल प्वारोकडे येते. आपल्याकडे पॉयरो लिहितात तोच हा. तिची आई कॅरोलाइन क्रेल हिला सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि ती तुरुंगात वर्षभरात वारली. नवरा म्हणजे अमायस क्रेल, नावाजलेला चित्रकार. मुलगी तेव्हा लहान होती, तिला नातेवाइकांनी कॅनडात वाढवलं. एकविसाव्या वर्षी तिच्या हातात आईचं पत्र पडतं. तुरुंगातून लिहिलेलं. त्यात आई म्हणते, मी हे केलेलं नाही. मुलीचं लग्न ठरलंय, आणि लग्नाआधी तिला खरं काय ते हवंय.

त्या दिवशी तिथे आणखी पाच माणसं होती. प्वारो त्या पाच जणांना एका इंग्रजी बालगीतातल्या पाच डुकरांसारखं बोटांवर मोजतो. आपण बाळाचा हात हातात घेऊन करंगळी-मरंगळी खेळतो ना, तसा तिकडे पायाच्या बोटांशी खेळायचा खेळ आहे. एक बाजारात गेलं, एक घरी राहिलं, एकाने मेजवानी झोडली, एकाला काहीच मिळालं नाही, आणि एक रडत घरी गेलं. कोण कोणतं ते तुमचं तुम्हाला पहिल्या भागात कळेल.

या पुस्तकात पावलांचे ठसे नाहीत, रक्ताचे डाग नाहीत, पळापळी नाही. सोळा वर्षं उलटून गेली आहेत. जागेवर सापडण्यासारखं काही उरलेलंच नाही. उरलीत ती माणसं आणि त्यांच्या आठवणी. म्हणजे आमच्या ऑफिसात कपाटात असायच्या त्या नकलांसारखंच सगळं. नवख्या माणसासाठी हेच पुस्तक निवडावं असं मला म्हणूनच वाटतं. यात ज्यूरीसमोर जे होतं त्यातलं जवळजवळ सगळं तुमच्यासमोरही येतं.

उघडण्याआधी

मागचं कव्हर वाचू नका. नेटवर शोधू नका. टीव्हीवर याचं रूपांतर झालेलं आहे, तेही आत्ता नको, त्यात गोष्ट बदलली आहे.

नावांचा गोंधळ मात्र आधीच मिटवा. आमच्यातल्या दोघींनी पन्नास पानांवर पुस्तक ठेवून दिलं होतं ते केवळ नावांमुळे. एका कार्डावर पाच नावं लिहा आणि ते कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवा. फिलिप ब्लेक, शेअर दलाल, अमायसचा लहानपणापासूनचा मित्र. मेरेडिथ ब्लेक, फिलिपचा थोरला भाऊ, जडीबुटीचा नाद असलेला. एल्सा ग्रीअर, जिचं चित्र अमायस काढत होता ती तरुण मुलगी. हीच पुढे लेडी डिटिशॅम होते, दोन वेगळ्या बायका समजू नका. अँजेला वॉरन, कॅरोलाइनची सावत्र बहीण, तेव्हा शाळकरी वयाची. आणि मिस विल्यम्स, घरी राहून अँजेलाला शिकवणाऱ्या बाई.

दोन शब्द कोर्टाचेही. तिकडे सॉलिसिटर म्हणजे अशिलाला भेटून कागदपत्रं तयार करणारा वकील आणि बॅरिस्टर म्हणजे कोर्टात उभा राहून बोलणारा. ‘क्राउन’ म्हणजे सरकार पक्ष. आणि दोषी की निर्दोष हे न्यायाधीश ठरवत नाही, बारा जणांची ज्यूरी ठरवते. आपल्याकडची ज्यूरी जाऊनही आता बराच काळ लोटला, त्यामुळे हे लक्षात ठेवावं लागतं. ज्यूरी कारणं लिहून देत नाही. आपल्याकडे निकालपत्र वाचून न्यायाधीशाने कशावर विश्वास ठेवला ते कळतं. तिथे ‘गिल्टी’ एवढाच शब्द येतो आणि का ते आपल्यालाच शोधावं लागतं.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन उभ्या रेघा मारा, म्हणजे चार रकाने होतील. पहिल्यात कोण बोललं. दुसऱ्यात काय बोललं, शक्य तितकं शब्दशः. तिसऱ्यात, हे त्याने स्वतः पाहिलं, कोणाकडून ऐकलं, की मनाशी ताडलं. चौथ्यात ‘बहुतेक’. म्हणजे बोलताना त्याने खात्रीने सांगितलं, की ‘वाटतं’, ‘असावं’, ‘साधारण’, ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ असं काही जोडलं.

तिसरा आणि चौथा रकाना सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो. तरी भरा. दुसऱ्या शनिवारी आम्ही पहिल्या चाळीस नोंदी मोजून पाहिल्या, तर ‘स्वतः पाहिलं’ या सदराखाली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. बाकी सगळं ताडलेलं. आणि ताडलेलं बोलतानाच माणसं जास्त ठाम होती.

दुसऱ्या रकान्याबद्दल एक कळकळीचं सांगणं आहे. सारांश लिहू नका. कोर्टात साक्ष कशी उतरते ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार ‘नाही’ म्हणतो, आणि कागदावर वाक्य येतं, ‘मी त्या वेळी घरी नव्हतो, हे म्हणणे खरे नाही.’ साक्षीदार बिचारा असलं वाक्य आयुष्यात बोललेला नसतो. त्याचं ‘नाही’ आणि वकिलाचा प्रश्न मिळून एक तिसरंच वाक्य तयार झालेलं असतं. ते कायद्याच्या कामाला पुरतं. पण माणूस कसा बोलला, कुठे अडखळला, कोणावर जोर दिला, ते त्यात राहत नाही. या कादंबरीत एक वाक्य आहे, साधं, घरगुती. मी त्याचा अर्थ लिहून ठेवला, शब्द लिहिले नाहीत. माझी पुढची सगळी दिशा तिथेच चुकली. शेजारच्या मुलीने ते शब्द जसेच्या तसे उतरवले होते. कोणतं वाक्य ते सांगत नाही.

आणखी एक कागद लागेल, नकाशाचा. टेकडीवर अल्डरबरी हे क्रेलांचं घर, तिथून उतरत जाणारी पायवाट, खाली समुद्राकडे तोंड केलेली भिंतींची ‘बॅटरी’ बाग, जिथे अमायस चित्र काढत बसायचा. खाडीपलीकडे मेरेडिथचं घर, होडीने जायचं. वाचता वाचता काढत जा. कोणाला कुठून काय दिसू शकत होतं आणि काय नुसतं ऐकू येऊ शकत होतं, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

पहिला भाग सावकाश वाचा

प्वारो आधी त्या पाच जणांकडे जातच नाही. तो जातो बचावाच्या बॅरिस्टरकडे, सरकार पक्षाच्या वकिलाकडे, दोन पिढ्यांच्या सॉलिसिटरांकडे आणि तपास करणाऱ्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याकडे. गोष्ट अजून सुरूच झाली नाही असं वाटून बरेच जण ही प्रकरणं भराभर चाळतात. मला मात्र पुस्तकातला सगळ्यात भरलेला भाग हाच वाटतो, कारण खटला कसा उभा राहिला ते इथे कळतं.

बारकाईने पाहा, एकाच बाईबद्दल हे पाच जण वेगवेगळं काय बोलतात. बचावाच्या वकिलाला वाटतं ती लढलीच नाही. सरकारी वकिलाला वाटतं... पण ते तुम्हीच वाचा. मला सरांच्या ऑफिसातल्या कितीतरी संध्याकाळी आठवल्या. एकाच आरोपीबद्दल सर, त्यांचे ज्युनिअर आणि आमचा शिपाई यांची तीन मतं असायची, आणि तिघांनीही त्याला तेवढाच वेळ पाहिलेलं असायचं.

इथे प्रत्येक प्रकरणानंतर पुस्तक मिटा आणि एकच ओळ लिहा: ‘याला ती गुन्हेगार का वाटते?’ उत्तरात पुरावा किती आहे आणि बाई कशी वागली याबद्दलची नाराजी किती, हे वेगळं करा. आरोपी कोर्टात रडली नाही, शांत होती, डोळ्याला डोळा दिला नाही, असल्या गोष्टी माणसाच्या मनात पुराव्याच्या जागी जाऊन बसतात. कुठल्याही गावातल्या ओट्यावर हे ऐकायला मिळेल.

विषाचे चार प्रश्न

आता थोडं कायद्याकडे वळते, कारण इथेच वाचनाला धार येते.

अमायसचा मृत्यू कोनाइन या विषाने झाला. हे हेमलॉक या झाडातून निघतं. सॉक्रेटिसला दिलेला प्याला याचाच. कोथिंबीर, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातली ही वनस्पती आहे. पाय जड होत जातात, मग वरचं शरीर लुळं पडत जातं, श्वास थांबतो, आणि मन बराच वेळ जागं असतं. मेरेडिथने ते घरच्या प्रयोगशाळेत काढून ठेवलं होतं आणि आदल्या दिवशी सगळ्यांना दाखवलंही होतं. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधालयात काम केलं होतं. विष किती वेळाने चढतं हे त्यांना पाठ होतं. म्हणून वहीत एका पानावर त्या दिवसाच्या वेळा लिहाच. कोण कधी बागेत गेलं, बिअर कोणी नेली, जेवणाची घंटा कधी झाली.

१९८४ साली पुण्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याबद्दल, म्हणजे गुन्हा होताना कोणी पाहिलेलं नसताना दुव्याला दुवा जोडून उभ्या केलेल्या पुराव्याबद्दल, पाच कसोट्या सांगितल्या. वकील मंडळी त्यांना आजही ‘पंचशील’ म्हणतात. तोही विषाचाच खटला होता, सायनाइडचा, आणि एका नवविवाहितेचा मृत्यू झाला होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली होती, वर तो सुटला. आमच्या ऑफिसात त्या निकालाच्या पानांची झेरॉक्स इतक्या वेळा काढली असेल की मला परिच्छेद कुठे सुरू होतो ते ठाऊक झालं होतं. सोप्या भाषेत कसोट्या अशा. प्रत्येक दुवा पक्का सिद्ध झालेला हवा, ‘असू शकेल’ चालणार नाही. सगळे दुवे आरोपीच्या दोषाशीच जुळायला हवेत. ते निर्णायक स्वरूपाचे हवेत. दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. आणि साखळी अशी पूर्ण हवी की आरोपीनेच केलं याखेरीज दुसरा निष्कर्ष निघू नये.

त्याच निकालात विषाच्या खटल्यासाठी चार प्रश्न वेगळे सांगितलेत. आरोपीला विष देण्याचं कारण होतं का? मृत्यू त्याच विषाने झाला का? आरोपीजवळ ते विष होतं का? ते देण्याची संधी आरोपीला मिळाली का?

हे चार प्रश्न कॅरोलाइनला लावून बघा. नवऱ्याचं एल्सावर मन बसलं होतं आणि भर घरात ती त्याच्याशी लग्नाची भाषा बोलत होती, म्हणजे कारण होतं. मृत्यू कोनाइननेच झाला, यावर वाद नाही. मेरेडिथकडून ते विष आपणच घेतलं हे कॅरोलाइनने कबूल केलं, स्वतःसाठी घेतलं म्हणाली. आणि बागेत बिअरची बाटली तिनेच नेली. चारही प्रश्नांची उत्तरं ‘होय’. आमच्या शनिवारी इथे सगळ्या जणी गप्प झाल्या. तोपर्यंत आम्ही त्या ज्यूरीला नावं ठेवत होतो. मग पटलं की ज्यूरीच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं.

मग पाच कसोट्यांमधली चौथी घ्या. दुसरी शक्यता उरते का? बचावाने आत्महत्येची शक्यता मांडली होती. पुण्याच्या खटल्यातही आत्महत्येची शक्यता पूर्ण पुसली गेली नव्हती. कादंबरीतल्या ज्यूरीने ती मानली नाही. का मानली नाही, याचं उत्तर शोधायला आम्हाला पूर्ण एक संध्याकाळ लागली. तुम्ही घाई करू नका. अमायस क्रेल कसा माणूस होता ते प्रत्येक जण सांगतो. त्याच्याबद्दलच्या नोंदी वेगळ्या पानावर काढा आणि मग विचारा, हा माणूस जीव देईल का?

इथपर्यंत आलात की तुमच्या हातात पक्का खटला असेल आणि मनात कुठेतरी खडा टोचत असेल. पुढचं सगळं वाचन त्या खड्यासाठी आहे.

आठवणींची परीक्षा, आपल्या घरात

दुसऱ्या भागाकडे जाण्याआधी एक प्रयोग करा. त्याला अर्धा तास लागतो. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला मोठा पूर आला होता. घरातल्या, शेजारच्या तीन-चार जणांना वेगवेगळं गाठा आणि विचारा, त्या दिवशी पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे नदीपात्रातल्या त्या उंच मूर्तीच्या, कुठपर्यंत आलं होतं? तुम्ही कुठे उभं राहून पाहिलंत? सोबत कोण होतं? एकमेकांसमोर विचारू नका.

आम्ही केलं. एकीने कमरेपर्यंत म्हटलं, एकीने गळ्यापर्यंत, एक म्हणाली मारुती दिसतच नव्हता. घाटावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी आलं होतं का, याचीही तीच तऱ्हा. बहुतेकींनी आपण स्वतः पाहिल्याचं सांगितलं. बोलता बोलता त्यातल्या एकीला आठवलं की ती त्या दिवशी घाटावर गेलीच नव्हती, मोबाईलवर आलेला व्हिडिओ तिने पाहिला होता आणि वर्षं जाता जाता तो तिच्या डोळ्यांनी पाहिलेला पूर झाला. ती खोटं बोलत नव्हती. आम्ही सगळ्या तिला चाळीस वर्षं ओळखतो, ती खोटं बोलणाऱ्यातली नाहीच.

पुराला सोळा वर्षंही झालेली नाहीत. आता कादंबरीतले पाच जण वाचा.

दुसरा भाग: पाच कैफियती

प्वारो पाचही जणांकडून त्या दिवसांची हकीकत लिहून मागतो. दुसरा भाग म्हणजे या पाच लेखी कैफियती. तीच सकाळ, तीच बाग, तीच बाटली, पाच वेळा. पुन्हा पुन्हा तेच वाचतोय म्हणून कंटाळा आला तर समजा की वही नीट भरली जात नाही.

वाचायची रीत सांगते. एका बैठकीत एकच कैफियत. ती संपली की वहीतली आधीची पानं उघडा आणि याच माणसाने प्वारोला तोंडी काय सांगितलं होतं ते शेजारी ठेवा. सरांचा उलटतपासणीतला आवडता प्रश्न असा असायचा: “हे तुम्ही पोलिसांना दिलेल्या जबाबात सांगितलं होतंत का?” तोंडीपेक्षा लेखीत जे नव्याने आलं त्याच्यापुढे खूण करा. जे गळलं त्याच्यापुढेही करा. गळलेलं पकडणं जास्त अवघड असतं, कारण ते पानावर नसतं.

मग पाचही कैफियतींतला एकच प्रसंग घ्या, समजा दारापलीकडून ऐकू आलेलं भांडण किंवा बागेतून आलेलं बोलणं. कोणी काय ऐकलं ते पाच ओळींत लिहा. शब्द सारखे आणि अर्थ वेगळे असं कुठे दिसतंय का? ऐकणाऱ्याने आधीच मनाशी काही ठरवलेलं असेल तर तेच शब्द त्याला वेगळे ऐकू येतात. याहून जास्त सांगितलं तर तुमचा आनंद मी हिरावून घेईन.

मिस विल्यम्सकडे विशेष लक्ष द्या असं मी सगळ्यांना सांगते. करारी, सरळ, पुरुषांबद्दलची मतं पक्की असलेली बाई. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला ती इतकी आवडली की तिने तिचं सगळं बोलणं ‘पाहिलं’ या सदराखाली टाकलं. शेवटी परत जाऊन रकाना बदलावा लागला. प्रामाणिक माणसाने पाहिलेलं खरं असतं. त्याने त्यावरून काढलेला अर्थ खरा असेलच असं नाही, आणि तो अर्थ प्रामाणिक माणसाकडून येतो म्हणून आपण तपासत नाही.

थांबा आणि निकाल लिहा

तिसरा भाग सुरू होतोय असं दिसलं की पुस्तक मिटा. दोन दिवस मिटलेलंच ठेवा. या दोन दिवसांत एक पान लिहायचं. त्यावर खुन्याचं नाव नसलं तरी चालेल. एवढंच लिहा: कॅरोलाइनला दोषी ठरवणारे दुवे कोणते, त्यातला प्रत्येक दुवा कोणाच्या शब्दावर उभा आहे, आणि त्या माणसाने तो पाहिला, ऐकला की ताडला. जो दुवा फक्त ताडण्यावर उभा आहे त्याला कंस करा. मग कंसातले दुवे काढून उरलेली साखळी वाचा.

आमच्यापैकी तिघींनी ‘शिक्षा बरोबर’ लिहिलं, दोघींनी ‘शंकेचा फायदा’. मी कोणत्या बाजूला होते ते विचारू नका, शेवट फुटेल.

पुढे गेल्यावर लवकरच प्वारो पाच जणांना प्रत्येकी एक प्रश्न विचारतो. तिथे पुन्हा थांबा. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, हा हाच का विचारला? प्रश्न दिसायला किरकोळ आहेत. शेजारच्या मुलीने इथे पहिल्यांदा मला रात्री साडेदहाला फोन केला, “मावशी, चौथ्या रकान्यातलं बघा ना.” ती बरोबर होती. त्यानंतरची प्रकरणं एका दमात वाचा, मध्ये उठू नका.

संपल्यावर

लगेच परत पहिल्या भागात जा आणि बचावाच्या वकिलाचं प्रकरण पुन्हा वाचा. जेमतेम वीस मिनिटांचं वाचन आहे. सगळं तिथे होतं, आपल्या हातात दिलेलं होतं.

आणि मग एक गोष्ट नाशिककरांनी वाचावी अशी. जून २००३ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचा जीव गेला, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००६ साली इथल्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. पुढे तो निर्णय पुन्हा विचारात घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. प्रत्येकी पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितलं. घटनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपास पुढे झालाच नाही. तेवढी एक नोंद निकालांच्या पायऱ्या चढताना मागे राहिली. सहा माणसं सोळा वर्षं तुरुंगात होती. कादंबरीतही सोळाच वर्षं आहेत. कार्लाची आई परत येत नाही आणि या सहा जणांची सोळा वर्षंही. त्या कुटुंबाला मारणारे कोण, हे त्या निकालाने सांगितलं नाही, सांगणं त्याचं कामही नव्हतं. कादंबरीत मात्र प्वारोला ते सांगावं लागतं. दोन्हीतला हा फरक मला आजही अस्वस्थ करतो.

तो निकाल नेटवर पूर्ण मिळतो. इंग्रजी कायद्याचं असलं तरी ओळख पटवण्याबद्दलचे परिच्छेद कळतात. तुमची वही शेजारी घेऊन बसा, तेच चार रकाने चालतात.

यानंतर काय वाचायचं असं मुलीने विचारलं तेव्हा मी तिला त्याच लेखिकेचं १९५२ सालचं ‘मिसेस मॅकगिंटीज डेड’ दिलं. त्यात शिक्षा झालेला तरुण जिवंत आहे आणि फाशीचा दिवस जवळ येतोय. ज्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला पकडलं तोच प्वारोकडे येऊन म्हणतो की माझं मन मानत नाही. १९५८ सालचं ‘ऑर्डील बाय इनोसन्स’ तिसरं म्हणून घ्या, ते जास्त कडू आहे. नवी वही आणायला मला रविवार कारंज्याला जावं लागलं नाही, जुन्याच वहीची पन्नास पानं शिल्लक होती. मुलीने त्यावर रेघा आधीच मारून ठेवल्या आहेत. चौथा रकाना तिने या वेळी सगळ्यात रुंद केलाय.